पंढरी जॉबर आणि चाळीस लूमची मोटर

भिवंडीजवळच्या पूर्ण्याचा पंढरी जॉबर म्हणजे खिशात शिंप्याची टेप आणि कानावर खडू. लूम, म्हणजे यंत्रमाग, बिघडला की तो सुधारणाऱ्या माणसाला भिवंडीत जॉबर म्हणतात, आणि बाकीचे सगळे जॉबर आवाजावरून रोग ओळखायचे. नुसतं दारात उभं राहायचं, मान तिरकी करायची, "सातव्या लूमचा दट्ट्या ढिला" म्हणायचं, आणि कारीगरांनी वाहवा करायची. पंढरीला या प्रकाराचा इतका राग यायचा!

"कान लबाड हाय," तो म्हणायचा. "आज सर्दी झाली तर वेगला आयकतो. टेप लबाड न्हाय."

मग तो टेप काढायचा, मोजायचा, खांबावर खडूने आकडा लिहायचा. घरीही तेच! बायको ठकुबाईने भाकरी वाढली की हा तिच्याकडे असा बघायचा की ती म्हणायची, "मोजा, मोजा! दोन बोटा लहान झाली आसंल, भरून देतंव!"

तर सत्त्याहत्तर साल होतं. यासीनशेठच्या जुन्या शेडमध्ये पंढरीला सतरा वर्षं झाली होती. आता बाकी सगळीकडे एकेका लूमला स्वतःची मोटर आली होती, पण या शेडमध्ये अजून छताखालून एक लांबलचक लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी चाळीसच्या चाळीस लूम चालायचे. शेठ मानकोलीला नवीन शेड बांधत होता, साठ लूमची. तिथे मोठा जॉबर कोण, हे ठरायचं होतं. पंढरीला ती जागा हवी होती. म्हणजे किती हवी होती? तर मानकोलीला जाऊन त्याने पायाचे खंदकसुद्धा टेपने मोजून ठेवले होते, कुणी सांगितलेलं नसताना!

पण शेठचं म्हणणं वेगळं. "पंढरी, तेरा हाथ अच्छा है. मगर वहाँ सब नया माल. वहाँ पढ़ा-लिखा चाहिए. तू चौथी पास."

"शेट, माप चौथीवाल्याला पण तेवढाच येतं."

"तो दिखा."

आणि दाखवायची संधी आली शेठच्या मुलाच्याच रूपाने. जुबेर पंचवीस वर्षांचा, अंगात नुसता वारा. त्याने मुंबईहून एक जुनी विलायती गाडी आणली होती. दोन सीटची, उघडी, बॉनेटवर बेडकासारखे बाहेर आलेले दोन दिवे. सगळ्या मोहल्ल्यात तिचं नावच बेडकी पडलं. ती घेऊन तो जुहूच्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यतीत उतरला आणि शेवटून पहिला आला! त्याआधी मुंबईच्या कुठल्याशा गॅरेजने तिला डबल कार्बोरेटर बसवून कागदावर लिहून दिलं होतं, साठ घोड्यांची ताकद. वळणावर मात्र ती मागून उडायची आणि सरळ रस्त्यावर दम टाकायची.

"साठ घोडे हैं तो गए किधर?" शेठ ओरडला. "बेच डाल!"

जुबेर रडकुंडीला आलेला. दोन महिन्यांनी पुन्हा शर्यत होती. पंढरी शेडच्या दारातून बघत होता, आणि बोलून गेला, "घोडे मोजलं कोनी?"

शेठ हळूच वळला. "तू मोजेगा?"

"मोजतो."

"ठीक है. गाडीची खरी ताकद किती, कागदावर लिहून सही कर. गाडी त्या पोराचा जीव की प्राण आहे, आकडा सच्चा निकला आणि गाडी सुधरली, तर मानकोली तुझी. झूठा निकला तर उधर का नाम नहीं लेना."

आता मोजायचं कशाने? पंढरीने रात्रभर डोकं वगैरे काही खाजवलं नाही. त्याला लगेच कळलं होतं. एक लूम ओढायला पाऊण घोडा लागतो, हे त्याने स्वतः कधीतरी मोजून खांबावर लिहिलेलं होतं. मग बेडकीलाच लूम ओढायला लावायचे! किती लूम ओढते बघायचं, पाऊणने गुणायचं, झालं.

शुक्रवारी शेड बंद असते. त्या सकाळी बेडकी आत ढकलत आणली. मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर चढवला, एक चाक साखळीने बांधून टाकलं, दुसऱ्याचा टायर काढून नुसत्या रिमवर चामड्याचा पट्टा घातला आणि तो शाफ्टच्या मोठ्या पुलीवर. शेडच्या मोटरचा पट्टा काढून टाकला. जुबेर सीटवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर.

"वेगाची सुई खाली येऊ देऊ नको जुबेरभाई! पाय पुरा दाब!"

शाफ्ट फिरला! पेट्रोलच्या धुरात अख्खी शेड जागी झाली. पंढरी एकेका लूमचं हँडल ओढत धावत सुटला. एक, दोन, दहा, वीस. जुबेर हसत होता, शेठ दारात तोंड उघडं टाकून. तीस. पस्तीस. चाळिसाव्या लूमला इंजिनचा आवाज जड झाला, सुई थरथरली, पण लूम चालला.

पंढरीने गुणाकार केला. तीस. तीस घोडे. साठ नाहीत, पण तीस अगदी ठणठणीत. त्याने खांबावर ३० लिहिलं, कागदावर लिहिलं, सही केली. शेठने कागद दुमडून खिशात ठेवला.

"मुंबईवाला झूठा," शेठ म्हणाला. "पंढरी, अब गाडी सुधरव, मानकोली तुझी."

तो घरी कसा पोचला त्याचं त्यालाच माहीत. ठकुबाई ओट्यावर कांड्या भरत होती, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या. त्याने सगळं सांगितलं, हात हलवून हलवून. चाळीस लूम! एकदम! तिने ऐकून घेतलं आणि सहज विचारलं,

"आन् सूत कोनाचा लावलास? बेस्तरवारी कारीगर आपापला धोटा घरी नेतात ना घासायला?"

"सूत कशाला? धोटे नव्हतंच. रिकामंच चालवलं."

"म्हंजे लूम हवा इणत व्हते?" आणि ती हसायला लागली. "अवो टेपवाले, हवेचा लुगडा आना मना एक!"

पंढरी हसला नाही. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

धोटा म्हणजे तो जड लाकडी तुकडा, जो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून या टोकाकडून त्या टोकाला फेकला जातो. मिनिटाला शंभराच्या वर वेळा. लूमची तिसऱ्या हिश्श्याची मेहनत तर त्याला फेकण्यातच जाते! पाऊण घोडा त्याने मोजला होता तो कापड विणणाऱ्या लूमचा, धोटा आत असलेल्या. आणि आज धोटे चाळीस घरांत कोनाड्यात पडले होते. आकडा खोटा होता. सही केलेला आकडा खोटा होता.

"कोनाला कलणार हाय?" ठकुबाई आता हसायची थांबली होती. तिला त्याचा चेहरा दिसला होता.

"कोनाला न्हाय."

"मग?"

"मना कळला ना."

तो जेवला नाही. भाकरीकडे बघितलंसुद्धा नाही. शनिवारी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तो शेठच्या दारात उभा होता. म्हणाला, शेट, त्यो कागद द्या, आकडा चुकलाय. शेठला आधी कळेचना. कळल्यावर तो इतका भडकला!

"एक रात में आंकड़ा बदल गया? कल बोला तीस, आज बोलता है नहीं? फिर तू और वो मुंबईवाला, फरक क्या?"

"त्याने मोजला न्हाय. मी चुकीचा मोजला. आता बरोबर मोजीन."

"कब?"

"सोमवारी. चालू शिफ्टला. कारीगर लूमवर, धोटे आत, सूत लावून. बेडकीवर."

शेठ बघतच राहिला. चालू शिफ्टला शाफ्ट मध्येच अडकला तर चाळीस लूमचे ताणे तुटतील, कापड वाया जाईल, कारीगर बोंब मारतील. आणि हे सगळं, खिशातली मानकोली खिशातून काढून टेबलावर ठेवून! "पागल है तू," तो म्हणाला. मग, "सोमवार. अडला तर समझ ले."

सोमवारी कारीगरांनी नुसता दंगा केला. कोपऱ्यातला एक म्हातारा कारीगर ओरडला, "अरे आज बिजली का नहीं, पेट्रोल का कपड़ा बनेगा! सूँघ के बेचना!" सगळे हसले. पंढरी नाही. त्याने प्रत्येकाला सांगितलं, शाफ्ट मंद झाला की मी हात वर करीन, हात वर दिसला की आपलं हँडल सोडायचं, एक धागा तुटता कामा नये.

जुबेरने पाय पुरा दाबला. एक लूम, दोन, दहा. या वेळी आवाज वेगळाच होता, धोटे फेकणाऱ्या दट्ट्यांचा खरा मार. वीसला इंजिन कण्हायला लागलं. पंचवीस. अठ्ठावीस. एकोणतीस, आणि शाफ्ट बसायला लागला. पंढरीचा हात वर! खटाखट हँडलं सुटली. शांतता. एकही धागा तुटला नव्हता.

"बावीस," पंढरी म्हणाला. एकोणतीस गुणिले पाऊण, बावीसला थोडे कमीच, पण त्याने बावीस लिहिले. खांबावरचे ३० त्याने पुसले नाहीत, आडवी रेघ मारली आणि खाली २२ लिहिले.

जुबेरचा चेहरा पडला. "बावीस? पंढरीदादा, ये तो खटारा निकली!"

"खटारा न्हाय. कुटंतरी बाकीचे घोडे बांधून ठेवलेत. तीस असतं तर मी शोधलंच नसतं. बावीस हायत म्हनून शोधतो."

आणि शोधले त्याने! दोन दिवस बॉनेटखाली डोकं. जुबेरला अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसवलं आणि टेप लावली. पुढच्या कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडत होती, मागची अर्धीच. दोघांना जोडणारी बारीक सळी तिरकी बसवलेली, वरून दिसायचंही नाही. एवढंच! त्या सळीसाठी जुबेर शेवटून पहिला आला होता. पंढरीने ती सरळ केली, दोन्ही झडपा सारख्या उघडेपर्यंत टेप सोडली नाही.

मग मागून उडण्याचं. त्यासाठी गिरणीतून तांदळाची दोन पोती आणली. गाडीच्या मागे मधोमध एक, मग दुसरं, आणि प्रत्येक वेळी चाकावरच्या मडगार्डपासून जमिनीपर्यंत टेप. उजवी बाजू दोन बोटं खाली बसली, डावी चार. डाव्या कमानीचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगचा, एक पाटा ग्रीसखाली मधोमध चिरलेला होता. मानकोली नाक्यावर ट्रकच्या कमानी ठोकणाऱ्याकडे पंढरी स्वतः बसून राहिला, नवा पाटा चारदा परत भट्टीत घालायला लावला. कमानवाला वैतागला, "अरे ट्रक है क्या ये, के नवरी?"

पण उडी मोजायची कशी? त्याने एक्सलला खडूचा तुकडा बांधला आणि बॉडीला सुताच्या खोक्याचा पुठ्ठा. चाक जेवढं उडेल तेवढी रेघ; जुन्या पाट्यावरची एक रेघ त्याने आधीच काढून ठेवली होती. आता साठ किलो वजन पाहिजे होतं शेजारच्या सीटवर.

"पोतं ठेवा ना," ठकुबाई म्हणाली.

"पोतं वलणावर सरकतं. तू सरकनार न्हाय."

ठकुबाई लुगड्याचा पदर कमरेला खोचून बेडकीत बसली आणि जुबेरने तिला गणेशपुरीपर्यंत नेऊन आणली, सगळ्या खड्ड्यांतून, सगळ्या वळणांवरून. आल्यावर ती उतरली, केसांतली धूळ झटकली. "येस्टीत हाडा मोडतात," ती म्हणाली. "ही बरी. पन टप लावा." पुठ्ठ्यावर आधीची रेघ होती वीतभर. नवी चार बोटं.

शर्यतीआधीचा शेवटचा सोमवार. पुन्हा चालू शिफ्ट, पुन्हा पट्टा शाफ्टवर. या वेळी म्हातारा कारीगर पंढरीच्या हातावर डोळा ठेवून होता. एकोणतीस आले आणि गेले. पस्तीस. पंढरीचा हात वर जायला तयार होता, खांद्यात नुसता ताठला होता. अडतीस, एकोणचाळीस. चाळीस! धोटे पळत होते, कापड पुढे सरकत होतं, शाफ्टचा वेग तसाच, आणि पंढरी अजून एक्केचाळिसावा लूम शोधत असल्यासारखा शेडच्या टोकाला उभा. लूम संपले होते.

कारीगरांनी शिट्ट्या मारल्या. जुबेर गाडीतून उडी मारून आला आणि त्याच्या गळ्यातच पडला. पंढरीने त्याला बाजूला केला, खांबापाशी गेला, २२ वर रेघ मारली आणि लिहिलं, ३० च्या वर. पुढे तारीख.

शेठ खांब बघत होता. खोडलेले दोन आकडे, खाली तिसरा. त्याने खिशातून शुक्रवारचा तो सही केलेला कागद काढला. तीनदा मागूनही त्याने पंढरीला दिला नव्हता.

"आता हा पण खरा झाला," शेठ म्हणाला. "ठेवू?"

"न्हाय शेट. त्या दिशी खोटा व्हता."

शेठने कागद फाडला. मग म्हणाला, "मानकोलीत पहला खांब कौनसा, तूच बता. लिखना तो पड़ेगा."

पंढरीने टेप काढली. जायच्या आधी त्याने शेडच्या दाराची रुंदी मोजली, कशाला कोण जाणे, आणि तीही खडूने चौकटीवर लिहिली.