कॉम्प्युटर लॅबबाहेरच्या चपला

सुमन, आठवीच्या जूनमध्ये मी आपलं पेठ गाव सोडलं. तू आईचा पदर धरून स्टँडवर उभी होतीस. एसटीच्या खिडकीशी येऊन आपले आबा म्हणाले, "तिथं कॉम्प्युटर हाय म्हणं. लय महागाचा असतो, पोरी. सर सांगतील तसं कर, बिघडवू नको."

नाशिकच्या शाळेत लॅबमध्ये धूळ चालत नसे. कॉलनीतल्या मुली बूट काढून मोज्यांवर आत जात. आम्ही हॉस्टेलच्या मुली चपला घालायचो. सर आमच्या पायांकडे बघून म्हणत, "नळावर धुऊन या." धुऊन येईपर्यंत खुर्च्या भरलेल्या असत. आम्ही मागे उभ्या राहून बघायचो. मला तेव्हा ते बरोबर वाटे. पाय धुतल्याशिवाय आपली आईही घरात येऊ देत नसे.

प्रॅक्टिकल तोंडावर आलं तरी मी कीबोर्डला हात लावला नव्हता. मग मोजे विकत घेतले आणि त्यांवर चपला घालून गेले. "अगं बघा, मॅडम आल्या!" वर्गातली अश्विनी ओरडली. पण मी आधी पोचून खुर्ची धरली. सर आले. पायांकडे त्यांनी पाहिलंही नाही. "तू ऊठ. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांना आधी करू दे. तुम्ही बिघडवाल."

प्रॅक्टिकलला मला मशीन सुरू करता आलं नाही.

आता माझं दिवसभराचं काम कीबोर्डवरच चालतं. घर कुठलं असं कोणी विचारलं तर अजून पेठच सांगते. तिथं पाय धुतले की आत घेतात.

तुझी प्राजक्ता यंदा त्याच शाळेत, त्याच हॉस्टेलवर आली. प्रवेशाच्या दिवशी मी मुद्दाम लॅबचं विचारलं. "आता सगळ्यांना मिळतं, मॅडम," तिच्या वर्गशिक्षिका म्हणाल्या. लॅबला कुलूप होतं. चावी शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. बाहेर चपलांचा स्टँड मात्र नवा होता.

काल फोनवर तू म्हणालीस, "आता तसं नसंल गं, ताई. पोरगी तर मिळतं म्हणती." मलाही ती तेवढंच सांगते. मी आबांना हेच सांगायचे.

आज शाळेनं पालकांच्या ग्रुपवर लॅबचा फोटो टाकला. प्राजक्ता पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली आहे. पायांत मोजे आहेत. कीबोर्ड शेजारच्या मुलीपुढे आहे. प्राजक्ताचे दोन्ही हात मांडीवर आहेत.