गुलमंडीच्या काउंटरवरचा आवाज

"म्याडम, आवाज माझाच हाय, पण ह्यो माणूस कोण?" हेडफोन काढत मिलिंदभाऊ म्हणाले. मी कपाळावर हात मारला. ऑपरेशन परवावर आलं होतं!

मी स्पीच थेरपिस्ट. मिलिंदभाऊ फुलंब्रीहून रोज ये-जा करणारे, गुलमंडी बाजारातल्या साडीच्या दुकानातले सेल्समन. घशाचा कॅन्सर, स्वरयंत्रच काढायचं होतं. म्हणून आमचं व्हॉइस बँकिंग चाललं होतं. म्हणजे आवाज आहे तोवर रेकॉर्ड करून ठेवायचा. पुढं पेशंट मोबाइलवर टाइप करतो आणि मोबाइल कुठलंही नवं वाक्य त्याच्याच आवाजात बोलतो. शेठनी आधीच सांगितलं होतं, "गिऱ्हाइकाशी बोलता आलं तर काउंटर, नाहीतर गोडाऊन." भाऊंना गोडाऊनच्या नावानं धडकी भरायची.

आमच्या साउंडप्रूफ खोलीत त्यांनी ठरलेली वाक्यं वाचली होती. 'आज हवामान आल्हाददायक आहे.' गुलमंडीत असं कोण बोलतं हो? गुरुजींसमोर धडा वाचावा तसं झालं होतं सगळं.

मी सर्जनसाहेबांकडे धावले. "सर, आठवडाभर पुढं ढकला ना."

"एक दिवससुद्धा नाही. आधी जीव, मग आवाज."

बरोबरच होतं त्यांचं. जिना उतरताना एकदम सुचलं: अगं, खोलीच चुकलीय!

"नेहा, माईक उचल. दुकानात जायचंय." नेहा आमची साउंड इंजिनिअर.

"मॅडम, तिथं केवढा कल्ला असतो!"

"असू दे. कॉलरला लाव माईक."

भाऊ गादीवर बसले आणि माणूसच बदलला. आवाज घोगरा झालेला, पण काय तो तोरा! रेकॉर्डिंग चालू आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकांनाही चेव चढला. "ताई, घेऊ नका, पण पदराला हात तर लावा!" "वहिनी, लई इचार केला की चांगला माल दुसरी नेती बरं!" नेहा कल्ला विसरून हसत बसली. माझ्या अंगावर आनंदानं काटा आला. हाच तो माणूस!

ऑपरेशन नीट झालं. दुकानातल्या त्या रेकॉर्डिंगवरून नेहानं मोबाइलसाठी भाऊंचा आवाज तयार केला. जखम भरल्यावर भाऊ कामावर आले, त्या दिवशी मीही गेले.

एका बाईंनी साडी उलटीपालटी केली. "रंग टिकंल कशावरून?"

भाऊंनी भराभर टाइप केलं. मोबाइल खणखणीत बोलला, "नेसून, धुऊन या. मग दोघं मिळून शेठशी भांडू!"

हे वाक्य आम्ही कधीच रेकॉर्ड केलं नव्हतं. पण ढब अस्सल मिलिंदभाऊंची! बाईंनी मोबाइलकडं बघितलंसुद्धा नाही. भाऊंकडंच बघून म्हणाल्या, "बोलण्यात कुणाला ऐकायचे नाय तुम्ही!"

तेवढ्यात आतून शेठ ओरडले, "मिलिंद, हळू बोल की! फोनवर हाय मी!"

भाऊ माझ्याकडं बघून बिनआवाजाचे हसले. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

आता मी पेशंटला त्या खोलीत बसवत नाही, त्याच्या कामाच्या जागी जाते. आणि मोबाइलचा आवाज कमी कसा करायचा, ते पहिल्याच दिवशी शिकवते.