मे महिन्यात काय नेसन?

"हे मे मइन्यात काय नेसन?"

कुठलंही रोप समोर धरलं की मावशींचा पहिला प्रश्न हाच. फुलाकडं त्यांचं लक्षच नसे. पान दोन बोटांत चोळायच्या, पिशवी उलटी करून मूळ बघायच्या आणि मग निकाल द्यायच्या. रोपानं उन्हाळ्यात लाज राखली पाहिजे, एवढीच त्यांची अट.

वनखात्याच्या नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सानगडीजवळच्या आमच्या शाळेत मी मुख्याध्यापिका म्हणून आले, तेव्हा त्या घरी बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे काय, गावातल्या प्रत्येकाच्या कुंडीत नाक खुपसत फिरत होत्या. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. नसतील तर गाव बदला.

शाळेच्या फाटकाशी मी कमरेएवढा विटांचा ओटा बांधून त्यात बाग केली होती. बाग माझ्या हट्टाची. दोन वर्षांत अर्धी झाडं गेली आणि पडलेल्या दातांसारखी खिंडारं दिसू लागली. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पुढच्या मेपर्यंत हिरवी झाली तं ठीक. नाही तं तोडून गट्टू लावून टाकू." फाटकापासून पायरीपर्यंत नुसते सिमेंटचे गट्टू!

मावशींना बोलावलं. त्यांनी ओट्याभोवती एक चक्कर मारली आणि खाली वाकल्या.

"पान्याचे भोकं कुठी हायत?"

"ती मी सिमेंटनं बुजवली," मी अभिमानानं सांगितलं. मी धानवाल्या घरची. बांधीची, म्हणजे भाताच्या खाचराची, पाळ फुटली की आमच्याकडं भरल्या ताटावरून उठून धावत. वाहून चाललेलं पाणी मला बघवतच नाही.

मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. "मॅडम, तुमी तं ओट्याची बांधी करून टाकली! धान हाय का हे? या झाडायचे पाय सडून राहिले ना!"

छिन्नी मागवून त्यांनी स्वतः भोकं मोकळी केली. मग माझी चूक गावभर सांगितली, तीही चवीनं.

पाऊस स्थिरावल्यावर निवड सुरू झाली. मी शेवंती म्हटलं. "दिवाळी झाली का बसली रडत." कण्हेर तरी बारमाही हिरवी असते, म्हटल्यावर डोळे वटारले. "लेकरं पानं तोंडात घालतेत. कायले इख लावता शाळेत?" शेवटी मागं तगर, मधल्या खिंडारांत कामिनी, उन्हाकडं लाल एक्झोरा आणि शेळ्या तोंड घालतात त्या कोपऱ्यात त्यांना न रुचणारा कडू अडुळसा. मी दाटीवाटीनं लावायला लागले, तर हात धरला. "वीतभर सोडा. आज भरलं दिसन, तं उद्या भांडतीन."

त्या वितभर जागांनी कित्येक महिने माझा जीव खाल्ला. मावशी मात्र रोज येऊन माती चाचपायच्या आणि निर्धास्त परत जायच्या. फाल्गुनात त्या गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

मेच्या मध्यात अध्यक्ष मिस्त्रीला घेऊन गट्टूंचं माप काढायला आले. रस्त्याकडेचे साग उघडेबोडके उभे होते. ओटा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार, बोट घालायला जागा नाही. अध्यक्षांनी ओट्याभोवती एक चक्कर मारली. मग मिस्त्रीला म्हणाले, "गुंडाळ टेप."

आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, मावशी पायजे होती आज."

मुख्याध्यापिकेनं चारचौघांत रडू नये म्हणतात. मी त्या दोघांसमोर, भर उन्हात, पोटभर रडले.