खट गेलं, कुईं राहिलं

पिकअप कोपऱ्यावर वळली की गॅरेजमधला मिस्त्री मान वर न करताच सांगायचा, "मागचा डावा पाटा बोलतोय. बुश गेलाय." गाडी खोलली की पाट्याच्या टोकाचं झिजलेलं रबर, म्हणजे तो बुश, डावाच निघायचा. म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि ते नाव तो चांगलंच मिरवायचा. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की तो हात वर करायचा. "तुम्ही गप्प बसा. गाडीला बोलू द्या."

घरी मात्र बायकोला एकेक वाक्य दोनदा म्हणावं लागे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. त्यामुळे त्याचे कान खरोखर जायला लागले, तेव्हा घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही.

त्याचं त्यालाच उमजलं. सगळा जन्म घणाच्या घावांत आणि कॉम्प्रेसरच्या घरघरीत गेलेला. आधी बारीक आवाज गेले: पाखरं, कुकरची शिट्टी, कोरडं रबर घासल्याची कुईंकुईं. पण मिस्त्री हार मानणाऱ्यातला नव्हता. तो गिऱ्हाइकाला गाडी हलवायला लावायचा आणि स्वतः चासीवर तळहात ठेवून डोळे मिटायचा. ढिला बोल्ट, झिजलेला जॉइंट हाताला बरोबर ठोका द्यायचा. लोक चाट पडले. "आता तर ऐकतसुद्धा नाही, नुसता हात लावतो!" कान गेले आणि नाव दुप्पट झालं.

अशात झाडांचा नर्सरीवाला आपली पिकअप घेऊन आला. फार भिडस्त माणूस. स्वतःच्या कुंडीला पाय लागला तरी तिची माफी मागेल असा.

"आवाज दोन आहेत," तो म्हणाला. "खड्ड्यात गेली की खट, आणि हळू चालवली की कुईं."

मिस्त्रीने तळहात ठेवला, टॉमीची पहार घालून मागचे पाटे उचकून पाहिले, बुश बदलले, बोल्ट आवळले. दोघं एक चक्कर मारून आले. खट गेलं होतं.

"गेला आवाज."

"अं... कुईं अजून येतंय वाटतं."

"कुठे? तुमच्या कानात असेल."

मिस्त्री घाईघाईत बोलून गेला. नर्सरीवाल्याने मात्र ते मनावर घेतलं. एवढा कानसेन म्हणतोय तर खोटं कशाला असेल? काही दिवस त्याने काढले, मग सरळ कानाच्या डॉक्टरकडे गेला, काचेच्या खोलीत बसून तपासणी करून घेतली आणि परत गॅरेजच्या दारात उभा राहिला.

"रागावू नका हं," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मग हे कुईं कुठनं येतंय, तेवढं सांगाल का?"

त्याच्या बोलण्यात तक्रारीचा लवलेशही नव्हता. मिस्त्रीला वाटलं, ह्याने एक सणसणीत शिवी हासडली असती तर बरं झालं असतं.

नेमकी तेव्हाच बायको डबा घेऊन आली. नर्सरीवाला गाडी आत घेत होता. "बाई गं! केवढी ओरडतेय ही!" ती म्हणाली, आणि नवऱ्याच्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिने अगदी जवळ येऊन विचारलं, "अहो, तुम्हाला ऐकूच येत नाहीये का?"

"नाही," मिस्त्री म्हणाला. "बारीक आवाज बरेच दिवस येत नाहीत." मग नर्सरीवाल्याकडे वळून म्हणाला, "कान माझेच गेलेत. तुमचे नाही."

"माफ करा," नर्सरीवाला म्हणाला. कशाबद्दल, ते त्यालाही कळलं नाही.

बायकोने डबा बाकावर ठेवला. "मग मला सांगा काय करायचं ते."

"आम्ही गाडी दाबतो. तू एकेका रबरावर पाणी सोड. ज्याच्यावर पाणी पडल्यावर ओरडणं थांबेल, तेच रबर."

पाण्याची बाटली घेऊन ती गोणपाट अंथरून गाडीखाली शिरली. दोघं पुरुष बॉनेटवर जोर देऊन गाडी खालीवर करू लागले. "येतंय... येतंय... अजून येतंय..." पुढच्या दांड्याच्या रबरावर बाटली तिरपी झाली आणि ती ओरडली, "थांबलं!" मिस्त्रीला आधीही काही ऐकू आलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याने खाली वाकून फक्त तिचा चेहरा पाहिला, आणि पाना हातात घेतला.

पुढे त्याच डॉक्टरकडून त्याने कानाचं मशीन घेतलं. ते दिसताच बरीच गिऱ्हाइकं पांगली. मशीनवाल्या मिस्त्रीला काय ऐकू येणार, म्हणून पुलापलीकडच्या गॅरेजात जाऊ लागली. तिथला मिस्त्री काम करताना कानांत गाणी घालून बसायचा. नर्सरीवाला तेवढा टिकला, पण चक्कर मारायला तो मिस्त्रीला नेत नसे. "वहिनी आहेत का?" असं विचारी.

मशीन पहिल्यांदा लावलं त्या सकाळी मिस्त्रीने गॅरेजचं शटर वर केलं आणि त्याच्या किंचाळीने दचकून दोन पावलं मागे सरला. शेजारचा शिंपी दारात येऊन बघत होता.

"वर्षभर बोंबलतोय मी," शिंपी म्हणाला.

गाड्या बाजूला ठेवून मिस्त्री आधी तेलाची बुधली शोधायला आत गेला.