कमानीचा पूल बरा आहे

पुलाखाली गाळ साठतो आणि ऑफिसात किस्से साठतात. दोन्ही उपसायला कुणाला वेळ नसतो. मी आता रिटायर झालोय, म्हणून म्हटलं, गाळ राहू दे, निदान किस्से तरी उपसू!

आमचं बांधकाम खात्याचं ऑफिस शहरात, पण सगळ्यांचा जीव टांगणीला लागायचा तो दौलताबादच्या बाजूच्या कमानीच्या पुलापायी. निजामाच्या काळातला दगडी पूल, मधल्या कमानीत हाताचं बोट सहज जाईल एवढी भेग. पलीकडे चार-पाच गावं आणि शहरात यायचा दुसरा रस्ता लई लांबून. पूल बंद करावा तर गावांची पंचाईत, चालू ठेवावा तर आमची.

*

एकदा वरून फर्मान आलं. पुलांची स्थिती यापुढं मराठीत लिहायची. गुड, फेअर, पूअर बंद. चांगला, बरा, वाईट यातलं एक निवडा.

मी भेग बघून आलो होतो. सरळ ‘वाईट’ लिहिलं आणि कागद आमचे डेप्युटी इंजिनिअर कुलकर्णीसाहेब यांच्यापुढं ठेवला. साहेबांनी सावकाश चष्मा पुसला.

“हे बघ, ‘चांगला’ लिहिलं की जबाबदारी आपली. ‘वाईट’ लिहिलं की काम आपलं. ‘बरा’ लिही!”

तेव्हापासून आमचा पूल दरवर्षी बरा होता. घरातल्या आजारी माणसाची चौकशी केल्यावर सांगतात ना, तसा बरा.

*

बरा असला तरी त्याला वजनाची मर्यादा हवी. पाटी लागली, ‘दहा टनांपेक्षा जड वाहनांस बंदी’. रंग वाळायच्या आत वैजापूरकडून कांद्यानं ठासून भरलेला ट्रक आला. मी आडवा गेलो, पाटी दाखवली.

ड्रायव्हरनं पाटी नीट वाचली. “बराबर हाये की! कांदा दहा टनच भरलाय.”

“अरे, आणि गाडीचं वजन?”

“गाडी कशाला मोजता साहेब? ती तर पासिंग झालेली हाये!”

*

खरी अडचण आगीच्या बंबाची झाली. रिकामा बंब दहा टनांत बसायचा, पाणी भरलं की बाहेर जायचा. फायर ब्रिगेडचे सलीमभाई बंब चालवायचे. विचारायला स्वतः ऑफिसात आले. साहेबांनी पाटी डोळ्यांपुढं आणून निर्णय दिला, “रिकामा न्यायला आमची काही हरकत नाही.”

 सलीमभाई म्हणाले, “पानी इधरीच छोड देतूं साब. फिर उधर जाको क्या करूं, आग कू फूंक मारूं?”

*

यावर मीटिंग झाली. दोन वेळा चहा झाला. शेवटी साहेबांनी तोडगा काढला: अत्यावश्यक सेवेच्या वाहनांना मर्यादेतून सूट!

मला राहवलं नाही. “पण साहेब, वर चाललेली गाडी अत्यावश्यक आहे, हे पुलाला कसं कळायचं?”

“मग सायरन कशाला असतो?” साहेब म्हणाले.

*

ही सूट ऐकून पलीकडच्या आरोग्य केंद्राचा अँब्युलन्स ड्रायव्हर भाऊसाहेब आला. माणूस सरळ. “साहेब, माझ्या गाडीत बाळंतिणी असत्यात. तोंडी नगं, लिहून द्या.”

त्याची गाडी तशी हलकीच. साहेबांनी तिथल्या तिथं लिहून दिलं, ‘पूल बरा आहे. रुग्णवाहिकेस हरकत नाही’, आणि खाली झोकदार सही ठोकली. भाऊसाहेबानं तो कागद लॅमिनेट करून गाडीत गणपतीशेजारी लावला.

“दोघांपैकी एक तर राखंलच की!” म्हणाला.

*

साहेबांची एक सवय मात्र सांगितली पाहिजे. पूल आला की ते जीपमधून उतरायचे आणि हात मागं बांधून पायी पलीकडं जायचे. जीप मागून रिकामी. मी कारण विचारलं तर म्हणाले, “निरीक्षण पायीच करायचं असतं!”

एवढं निरीक्षण झालेला दुसरा पूल जिल्ह्यात नसेल. खाली उतरून भेग बघायला मात्र ते एकदाही आले नाहीत.

*

आणि एके दिवशी पलीकडच्या गावात रस्त्याचं काम बघताना साहेब छातीला हात लावून मटकन खाली बसले. अंगाला दरदरून घाम. मी लगेच आरोग्य केंद्राकडं निरोप पाठवला. काही झालं तरी माणूस जीव लावणारा, डब्यातली पोळी मोडून देणारा. भाऊसाहेब गाडी घेऊन धावत आला, साहेबांना आत घेतलं, नर्सनं ऑक्सिजनचा मास्क आणि सलाईन लावलं.

“लवकर शहरात न्या,” ती म्हणाली. “मिनिटामिनिटाला किंमत आहे.”

सायरन सुरू. मी साहेबांचा हात धरून बसलो होतो. समोर पूल दिसला तसा भाऊसाहेबानं वेग वाढवला. साहेबांनी डोळे उघडले, खिडकीतून बाहेर बघितलं आणि तोंडावरचा मास्क काढला.

“थांबव!”

भाऊसाहेबानं करकचून ब्रेक मारला. बघतो तर साहेब उठून बसलेले, एक पाय खाली, सलाईनची बाटली स्वतःच्याच हातात.

“साहेब, झोपा हो!” मी ओरडलो. “जिवाशी खेळ आहे!”

भाऊसाहेब तर रडवेला झाला. गणपतीशेजारचा कागद उपटून त्यानं साहेबांच्या पुढं धरला. “भ्यायचं काय कारण साहेब? पूल बरा हाये! ही बघा, सही तुमचीच हाये ना?”

साहेबांनी दुसरा पायही खाली टाकला.

“म्हणून तर उतरतोय!”