कावळ्याच्या आधीचा घास

त्या दिवशी घरात आमी सहा माणसं व्हतो. नावं नाय घेत, नात्यानं सांगते. एक माझी सासू. एक माझा घरवाला, तिचा थोरला लेक. एक चुलतसासरे, माझ्या सासऱ्याचे पाठचे भाऊ, त्यांला आमी काका बोलायचो. एक नणंद, मुरबाडकडं दिलेली, ती म्हाळासाठी आदल्या दिवशी आलेली. एक माझी धाकटी जाऊ. आन् मी. जावेचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, नव्हता. तो कसाऱ्याला रेल्वेत गँगमन व्हता, पावसाची घाटातली लाइन सोडून त्याला रजा कोण देतो. आन् ज्याचा म्हाळ व्हता तो माझा सासरा, त्याला सगळे आबा बोलायचे, तो मरून तीन वर्सं झालेली.

त्या सहातली आता मी एकटीच उरली. मी बोलते, नातसून लिहून घेते. साल नक्की सांगता येत नाय, साठाच्या पुढचं असेल.

आमचं घर शेणव्याच्या पुढं, डोळखांबच्या वाटेला. भात, थोडी नाचणी, दोन म्हशी. जाऊ तिशीला आली तेव्हा तिला तो रोग लागला. पाण्याचा तांब्या खाली ठेवायची नाय. खायची माझ्या दुप्पट आन् वाळत चालली, दंडातली चांदीची वाकी घसरून मनगटावर यायची. मोरीत बसून उठली की तिथं मुंग्यांची रांग. सासू शेजारणींला बोलावून ती रांग दाखवायची. पदर नाकाला लावायची आन् दाखवायची. नाकाला लावायचा तर दाखवते कशाला? पण त्या बाया यायच्या, वाकून बघायच्या, थू करायच्या आन् चहा पिऊन जायच्या.

दीर रेल्वेत म्हणून रेल्वेचा दवाखाना तरी मिळाला. डाक्टर बोलला, साखरेचा रोग हाय. आमाला पटेना. तो रोग पोट सुटलेल्या शेटजींचा, ही तर काडी. डाक्टरलापण नवल वाटलं. गोळ्या दिल्या, भात कमी कर बोलला. वर्स-दीड वर्स गोळ्यांवर बरी चालली. मग गोळ्या लागू पडेनात, परत ती मुंग्यांची रांग, परत वाकी मनगटावर. तेव्हा सुई लागली, इन्सुलिनची. आता नातसून सांगते की असा एक प्रकार हाय, मोठेपणी होतो, अंगच आपल्या अंगातलं खाऊन टाकतं, गोळ्या थोडे दिस पुरतात आन् मग सुईच. तेव्हा हे कोणाला ठाऊक. सासूला ठाऊक व्हतं ते येवढंच, की सुनेच्या माहेरचं कायतरी लागलंय.

सुई मारायची मी. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलेली, आकडे वाचता यायचे. जावेला आकडा वाचता येत नव्हता आन् सुई बघितली की तिचे डोळे गच्च मिटायचे. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला शिकवलं. घरी येऊन चार दिस वांग्याला सुया मारल्या, मग तिला. काचेची पिचकारी, जाड सुई. बोथट झाली की दगडावर घासायची, उकळायची, परत तीच. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची.

रोज सुईच्या आधी साखर किती ते बघायला तिचं मूत उकळायचं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात मुताचे आठ थेंब टाकायचे आन् विस्तवावर धरायचं. निळं राहिलं तर बरं, हिरवं चालेल, पिवळं वाईट, विटेसारखं लाल झालं तर फार वाईट. सासूनं चुलीला हात लावू दिला नाय. मग गोठ्याच्या मागं तीन दगड मांडले, तिथं मी रोज सकाळी दुसऱ्या बाईचं मूत शिजवत बसायची. वास केसात बसायचा. तोच हात धुऊन मग भाकऱ्या थापायच्या. पयले सहा महिने मला स्वतःच्या हातची भाकर गिळवायची नाय. मी कोणाला बोलली नाय. बोलून काय व्हतं?

कंपाउंडरनं एक गोष्ट मला तीनदा बजावली व्हती. "सुई मारली की अर्ध्या तासात पोटात अन्न पायजे. अन्न नाय पडलं आन् घाम फुटला, हात थरथरले, येड्यासारखी बोलाय लागली, की गूळ, साखर, गोड मिळेल ते तोंडात घालायचं. कोणाची वाट बघायची नाय. समजलं का, बाई?"

"समजलं," मी बोलली.

म्हाळाच्या सकाळी नळी लाल झाली. मी पिचकारी भरून आणली. जाऊ गोठा झाडत व्हती. ती बोलली, "बाय, आज नको मारू. जेवण कधी व्हईल काय ठाऊक."

"नळी लाल आली तुझी. काका आले की पान ठेवायचं, कावळा शिवला की झालं. किती येळ लागतो?"

"मग तुकडाभर भाकर तरी दे. गोठ्यामागं बसून खाते, कोण बघतंय."

मी बोलली, "पितरांच्या आधी तोंड उष्टं करशील? लाज नाय वाटत?"

हे शब्द माझे. सासूचे नाय, नणंदेचे नाय. तिनं दंड पुढं केला, डोळे मिटले. रोजच्या येवढं औषध मी पुरतं मारलं.

काका उशिरा आले. वाटेत ओढा भरला व्हता. घरवाल्यानं पान वाढलं. भात, वडे, अळूची भाजी, भोपळा आन् तांदळाची गूळ घातलेली खीर. पडवीचं कौल खाली, हात पोचायचा, तिथं पान ठेवलं. पाऊस नुकता थांबलेला. कावळे समोरच्या ऐनाच्या झाडावर बसून पंख झाडत व्हते. एक खाली येईना.

"काव, काव, काव!" काका अंगणात उभे राहून ओरडत व्हते. "ये रे बाबा! वड्यात मीठ बरोबर हाय, मी विचारून घेतलंय!"

नणंद हसली. "काका, तुमीच चढा कौलावर. तुमचा रंगपण त्याच्यासारखाच हाय."

"चढतो, पण मग वडे उरायचे नायत गो!"

असं हसणं-खिदळणं चाललं व्हतं. मग येळ झाला तसं हसणं आटलं. घरवाल्यानं हात जोडले, "आबा, तुमची लाडकी म्हस इकणार नाय, शब्द देतो." कावळा हलला नाय. नणंद बोलली, "आबाला बिडी पायजे असेल." काकांनी बिडी शिलगावली, एक झुरका स्वतः मारला आन् पानाच्या काठावर ठेवली. तरी नाय.

तेव्हा सासू बोलली, "बिडी नको त्याला. घरात रोज मूत शिजतं. कुठला पितर जेवायला येईल हितं?"

सगळ्यांनी जावेकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली व्हती. वरचा ओठ घामानं भरलेला. बोटं लुगड्याचा काठ चुरगाळत व्हती, आन् ती जांभयांवर जांभया देत व्हती. मी बघितलं. मला कळलं. कळलं आन् मी जाग्यावर उभी राहिली.

मग ती हसली. कोणाकडं न बघता. आन् जड जिभेनं, पुरुषासारख्या आवाजात बोलली, "भूक... जेव घाला. मला जेव घाला."

नणंद किंचाळली, "आये! आबा आले! आबाचाच आवाज!"

सासूनं धावत जाऊन तिचा अंबाडा सोडला, केस मोकळे केले. हळद-कुंकू आणून तिच्या कपाळावर मूठभर फासलं, ते घामानं नाकावरून ओघळलं. काकांनी टोपी काढली आन् तिच्या पायावर डोकं ठेवलं. हीच माणसं तिच्या हातचं पाणी घेत नव्हती. तिनं टेकलेल्या भिंतीला शेण लावून घ्यायची. आता तिचे पाय चेपत व्हती.

"आबा, काय रायलंय मनात?" घरवाल्यानं विचारलं.

"गोड... जेव..."

"आबा, बांधाचं काय करू?" काका विचारतात. "तो शेजारी हातभर आत आलाय."

"आबा, माझ्या सासूला सांगा ना कायतरी," नणंद बोलली.

"जेव..."

"म्हातारा खीर मागतो रे!" सासू ओरडली. "वाढ, वाढ!" घरवाला आत धावला, खिरीचा डाव भरून आणला, आन् तिच्यासमोरनं, तिच्या तोंडासमोरनं नेऊन कौलावरच्या पानात ओतला. मागणारी भिंतीशी बसलेली आन् खीर कावळ्याला.

आन् मी काय करत व्हती? मी पण हात जोडून उभी व्हती. मला कंपाउंडरचा आवाज कानात ऐकू येत व्हता आन् तरी माझे हात जोडलेले. निम्मं मला खरं वाटलं, सासराच आलाय असं. निम्मी मी सासूला भ्याली. घरच्यांची शिसारी येतेच, पण त्या जोडलेल्या हातांची मला सगळ्यात जास्ती येते. मूत उकळलेलं धुऊन गेलं, ते नाय गेलं.

मग तिचं अंग ताठलं आन् ती कुशीवर कलंडली. लुगड्यातच मुतली. सारवलेल्या जमिनीवरनं ते काकांच्या गुडघ्यापर्यंत आलं. काका टुणकन उठले. सगळे मागं सरले, पदर आन् हात नाकाला. "गेले आबा," नणंद बोलली. तिला तशीच पडू दिली. कोणी बघितलं नाय की श्वास चालू हाय का.

तेव्हा माझे हात सुटले. मी तिला एका कुशीवर धरली आन् ओरडली, "आये, गूळ द्या! ही मरतेय!"

सासू सैपाकघराच्या दारात आडवी उभी. "मुतात हात घातलास. सैपाकाला शिवू नको."

"मग तुमी आणा!"

ती हलली नाय. घरवाला त्याच्या आयेकडं बघत बसला, माझ्याकडं नाय. मी उठली, पडवीत गेली आन् कौलावरचं पितरांचं पान ओढून घेतलं. बिडी त्यातच विझली व्हती. ओतलेली खीर पानभर पसरली व्हती.

"अगो! अगो सोड! पितरांचं पान ते!" सासू ओरडली.

मी खाली बसली. पाण्यासारखी खीर बोटावर घेतली आन् तिच्या गालाच्या आतनं चोळली. परत घेतली, परत चोळली. ओतली नाय, ठसका लागून मरेल असं कंपाउंडर बोलला व्हता. तिचे दात घट्ट. मी बोट घालत रायली. तिच्या तोंडातनं लाळ, कुंकू आन् खीर एकत्र माझ्या मनगटावरनं खाली येत व्हती. मागं सासू छाती पिटत व्हती, मेलेल्या नवऱ्याच्या तोंडातला घास काढला म्हणून. मग जावेचा गळा हलला. एक घोट. मग अजून एक.

किती येळ गेला सांगता येत नाय. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आन् बोलली, "बाय, माझे केस कोणी सोडले?"

उरलेली खीर तिला भरवली, वडा भरवला. पान पुसून खाल्लं तिनं.

मग मला आंघोळ करायला लावली आन् सगळा सैपाक परत करायला लावला. केला. दुसरं पान ठेवलं. त्याला कावळा लगेच शिवला का येळानं, मला ठाऊक नाय, मी चुलीशी व्हती. शिवला असेल, कारण सगळे जेवायला बसले. जिथं ती पडली व्हती तिथनं चार हातांवर. काकांनी तीनदा खीर मागून घेतली. त्यांच्या मिशीला ती लागलेली मला अजून दिसते. मी त्या दिवशी जेवली नाय.

दीर आठ दिसांनी आला. मी त्याला सगळं सांगितलं, भाकरीचंपण सांगितलं. त्यानं बायकोची पेटी उचलली आन् तिला कसाऱ्याला रेल्वेच्या चाळीत घेऊन गेला. तिथं ती स्वतः सुई मारायला शिकली. पिचकारीवर त्यानं रंगाची रेघ मारून दिली, आकडा वाचायला नको. पुष्कळ वर्सं जगली. सासूनं मरेपर्यंत माझ्या हातचं पाणी घेतलं नाय. मला त्याचं काय वाटलं नाय, एक तांब्या कमी भरायचा.

जाऊ यायची अधनंमधनं. म्हाळाला कधी आली नाय. बसायची, गप्पा मारायची, टाइम झाला की माझ्यासमोर सुई मारून घ्यायची, डोळे उघडे ठेवून. आन् मी लगेच भाकर पुढं करायची. त्या तुकडाभर भाकरीचं ती शेवटपर्यंत कधी बोलली नाय. एकदा बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

हे वाचणाऱ्याला माझं येवढंच सांगणं हाय. तुमच्या घरात कोणी ही सुई घेत असेल, तर सुई मारली की तिला पयली जेवू घाला. देवाच्या आधी, पितरांच्या आधी, घरच्या पुरुषांच्या आधी. तिनं भाकर मागितली तर द्या.