इगर्जीतली फरशी

नागावहून लग्न होऊन मी सासरी आले, ते तीस सालाच्या मागेपुढे. आमच्या वाडीमागे पोर्तुगीजांच्या वेळची पडकी इगर्जी होती, किरिस्तावांचं देऊळ. छप्पर कधीच गेलेलं, भिंतींतून पिंपळ फुटलेले. आत प्रार्थना कोणी करत नसे. गावात कोणाला दगड हवा असला की तो पहार घेऊन तिकडे जायचा. ह्यांनीही मला धुणं धुवायला तिथूनच एक गुळगुळीत फरशी आणून विहिरीवर बसवली. तिच्यावर परकी अक्षरं कोरलेली होती. साबण त्यांत जाऊन बसायचा आणि माझी चिडचिड व्हायची.

माझी पहिली दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली. दुसरं गेलं तेव्हा कोणीतरी सासूबाईंना सांगितलं, ती फरशी थडग्यावरची आहे. त्यांनी डोक्याला हात लावला. "मेल्या मानसाच्या नावावर पोरांची दुपटी धुतलीस गो!" जसं काही मीच ती उचलून आणली होती! ह्यांनी गाडी जोडून फरशी परत इगर्जीत नेली, वर नारळ फोडला. घर एकदम निर्धास्त झालं.

मग मुलगी झाली. टपोरी, सारखे हात हलवणारी. पावसाळा सरता सरता तिला ताप भरला, दूध तोंडात धरीना. मी म्हटलं, "अलिबागला डाक्तरकडं नेऊ या."

सासूबाई हसल्या. "आता कशाला भितंस? दगूड गेला ना."

हेही तेच म्हणाले. मी भांडले, रडले. तिला घेऊन एकटीच निघाले तर त्यांनी दाराला कडी घातली. पोर तापाने फणफणतंय आणि ही दोघं निवांत! अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

तिला पुरून हे घरी आले, तेव्हा सासूबाई वाकून घराच्या जोत्याचे दगड निरखत होत्या. "आनकी एकादा राह्यला आसंल," त्या म्हणाल्या. जोतं, विहिरीचा कठडा, गोठ्याची पायरी, सगळं त्या इगर्जीतलंच होतं. अर्धं गाव तिच्याच दगडांवर उभं होतं. ह्यांनी पहार आणली आणि हे जोतं उकरायला लागले.

"घर पाडा न्हायतर ठेवा," मी म्हटलं, "मी म्हायेरी चालले."

कोणी अडवलं नाही. नागावला पोचेपर्यंत माझी चोळी दुधाने भिजली होती.